पुन्हासांगा वकील

आमच्या कोर्टात एका वकिलांना सगळे 'पुन्हासांगा' म्हणतात. हे नाव मी ठेवलं. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी उलटतपासणी घ्यायला नको.

तेव्हा मी वकिलीत नवीन होते आणि तोंडाने फटकळ. पहिली गोष्ट आता खरी राहिली नाही, दुसरी आहे. माझ्या पहिल्याच मोठ्या दाव्यात समोर हे गृहस्थ उभे. माझा साक्षीदार एक वाक्य बोलला की हे मान जराशी कलती करायचे आणि म्हणायचे, "पुन्हा सांगा." तो बिचारा पुन्हा सांगायचा. मग हे म्हणायचे, "म्हणजे तुमचं म्हणणं असं की..." आणि तेच वाक्य आपल्या शब्दांत त्याला परत करायचे. "बरोबर?" साक्षीदार "बरोबर" म्हणाला की मगच गाडी पुढे. अर्ध्या तासाचं काम दीड तास चाललं. न्यायाधीश घड्याळाकडे बघत होते आणि मी दात-ओठ खात होते. दुपारी वकिलांच्या खोलीत चहा पिताना मी त्यांची हुबेहूब नक्कल केली. सगळे हसून हसून बेजार झाले. संध्याकाळपर्यंत ते नाव शिपायांपर्यंत पोचलं होतं. पुढे पुढे तर नवे अशीलही दारात येऊन "ते पुन्हासांगा वकील कुठे बसतात?" असं बेधडक विचारू लागले.

नाव त्यांच्या कानावर गेलं असणारच, असं मी बावीस वर्षं धरून चालले. त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही, म्हणून मीही विषय काढला नाही.

माणूस उंच, जरासा वाकलेला. हातातल्या बॅगेचा पट्टा तीन ठिकाणी शिवलेला. लिहायचं ते पेन्सिलीने. माणसाचं म्हणणं शाईने लिहू नये, ते बदलतं, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या बायको शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त झाल्यात. त्या रोज सकाळी त्यांना कोर्टाच्या फाटकापर्यंत सोडायला येतात. दोघं चालत येतात आणि रस्ताभर कशावरून तरी वाद घालत येतात. बाई कायम त्यांच्या उजव्या हाताला. कोर्टातही ह्यांची जागा ठरलेली, रांगेच्या अगदी डाव्या टोकाला. तिथे कुणी आधीच उभं असेल तर "जरा सरकता का?" म्हणून विनंती करायचे. मला वाटायचं, ह्यांची ती शुभ जागा असणार. माझ्याकडे बघा, मीसुद्धा निकालाच्या दिवशी एक विशिष्ट पेन घेऊन जाते. तेव्हा त्याबद्दल मी काही बोलले नाही.

युक्तिवादात ते बेताचेच. हे मी खुन्नस म्हणून सांगत नाही, ते स्वतःही मान्य करतील. आम्ही समोरासमोर आलो की बहुतेक वेळा मीच बाजी मारायचे. पण कोर्टाने एखादा दावा मध्यस्थीला पाठवला आणि तिथे हे असले, की दोन्हीकडची माणसं हसत नसली तरी निदान एकाच दारातून बाहेर यायची. मी म्हणायचे, नशीब. ह्यांच्या वाट्याला गरीब गायी येतात, माझ्या वाट्याला वाघ.

मग रफूवाल्या मावशींचा दावा आला.

आता मध्यस्थीत बोललेलं बाहेर सांगायचं नसतं, हा पहिला नियम. म्हणून दोन्ही पक्षांना विचारून लिहितेय. मावशी म्हणाल्या, "लिही की." सुतार म्हणाला, "लिहा, पण माझं काम चांगलं आहे हेही लिहा." तर सुताराचं काम चांगलं आहे.

हा सुतार माझा अशील. त्याच्या कारखान्याच्या अंगणाला लागून मावशींची एक खोली. रस्त्याकडे दार आणि मागे अंगणाकडे उघडणारी एक खिडकी, दोन हात रुंद. त्या खिडकीत बसून मावशी रफू करायच्या. फाटलेल्या कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि फाटल्या जागी असा विणायचा की कुठे फाटलं होतं ते मालकालाही कळू नये. ह्याला दिवसाचा उजेड लागतो. दिव्याखाली गडद निळा आणि काळा एकच दिसतो, आणि एक धागा चुकला की सगळं उघडं पडतं. नऊ वर्षांपूर्वी सुताराने लाकूड ठेवायला अंगणात शेड बांधली आणि तिची भिंत बरोबर त्या खिडकीसमोर, वीतभर अंतरावर उभी केली. खोलीत दुपारी बाराला दिवा लागू लागला. मावशींनी दावा लावला. त्यांचे वकील पुन्हासांगा.

कायदा असं म्हणतो की एखाद्या खिडकीतून वीस वर्षं सलग उजेड येत असेल तर तो अडवता येत नाही. माझी सगळी बाजू एका खुंटीवर टांगलेली होती. ही खिडकी मूळ नकाशात नाही, आणि वीस वर्षं भरली हे सांगायला मावशींकडे साक्षीदार नाही. सुताराला मी पहिल्याच दिवशी दम भरला होता, "खिडकी कधीपासून आहे ह्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही." तो आज्ञाधारक. नऊ वर्षं तोंडाला कुलूप लावून बसला.

नऊ वर्षांनी नवे न्यायाधीश आले, त्यांनी फाइल चाळली आणि दावा मध्यस्थीला पाठवला. मी कपाळाला हात लावला.

तारखेच्या तीन आठवडे आधी पुन्हासांगा माझ्या ऑफिसात आले. त्यांना सुताराचं अंगण बघायचं होतं. "कशाला?" मी विचारलं.

"खिडकी मी आतून पाहिलीय. बाहेरून पाहिली नाही."

सोबत पेन्सिलीने लिहिलेलं आणि खाली सही केलेलं पत्र होतं. ह्या भेटीत जे दिसेल आणि जे ऐकू येईल, ते कोर्टात वापरणार नाही. मी ते पत्र उजेडात धरून दोनदा वाचलं, काही मेख सापडली नाही, तेव्हा हो म्हटलं. पण मी स्वतः हजर राहणार ह्या अटीवर.

अंगणात ते तासभर फिरले. फळ्यांना हात लावून बघितला, शेडची उंची टेपने मोजली, पलीकडच्या भिंतीची ओल बोटाने खरवडली. मग शेडच्या भिंतीपाशी खाली वाकले. तिथे एक सिमेंटचा ओटा होता, अर्धा बाहेर आणि अर्धा भिंतीखाली गेलेला.

"इथे कोण बसायचं?" त्यांनी सुताराला विचारलं.

"आई," सुतार म्हणाला. "आई रोज इथे..."

"ह्याचा दाव्याशी काही संबंध नाही," मी तोडलं. कारण माझ्या बाजूचा खुर्दा उडायला वेळ लागत नाही. आई रोज खिडकीखाली बसायची म्हटलं की किती वर्षं बसायची हा पुढचा प्रश्न. सुताराने तोंड मिटलं. पुन्हासांगांनी "पुन्हा सांगा" म्हटलं नाही. पेन्सिल खिशात ठेवली आणि चहाबद्दल आभार मानून गेले. पुढचे आठ दिवस माझा जीव टांगणीला. पण त्यांनी तो ओटा कोर्टात आणला नाही. दिला शब्द पाळणारा वकील समोर असला की आपली फार गैरसोय होते.

त्याच दिवसांत तिकडे काय चाललं होतं, ते मला मावशींनी पुढे सांगितलं. मी माझ्या तयारीत नकाशे, फोटो आणि निवाडे लावत होते. हे आपल्या घराच्या पुढच्या खोलीत मावशींना रोज बोलावत होते. खोलीत दोन खुर्च्या, मध्ये टेबल नाही. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "दावा जिंकलात तर काय होईल?"

"भिंत पडेल," मावशी म्हणाल्या.

"नाही. सुतार वर अपील करेल. त्याच्या वकीलबाई हुशार आहेत, त्या सोडणार नाहीत. धरा आणखी सात वर्षं. डॉक्टर तुमच्या डोळ्यांबद्दल काय म्हणतात?"

मावशींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि दुसरा चालला होता. नाजूक काम आणखी चार वर्षं, फार तर पाच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मावशींनी ते सांगितलं. मग म्हणाल्या, "नऊ वर्षं मी बटणं लावतेय, वकीलसाहेब. लोकांना वाटतं मला तेवढंच येतं."

दुसऱ्या दिवसापासून उलटी बैठक सुरू झाली. ही ह्यांची खास पद्धत. अशिलाने समोरच्याच्या खुर्चीत बसायचं आणि तासभर समोरच्याच्या तोंडाने बोलायचं. मावशी खवळल्या. "मी कशाला त्या मेल्याची वकिली करू?" तरी बसवलं. मावशी म्हणाल्या, "मी सुतार. मी फार दुष्ट आहे. झालं?"

"हा सुतार नव्हे, हा तुमच्या मनातला सुतार. उद्या पुन्हा."

तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी मावशी लाकूड, ओल, गिऱ्हाइकांची घाई असं सगळं सुताराच्या बाजूने बरंच नीट बोलल्या आणि मग बोलता बोलता म्हणाल्या, "माझी आई गेली, आणि वीस वर्षं रोज तिच्याशी खिडकीतून गप्पा मारणारी ही बाई भेटायलासुद्धा आली नाही." आणि थांबल्या. पदराने तोंड पुसलं.

पुन्हासांगांनी पाण्याचा पेला पुढे केला. एवढंच म्हणाले, "हे तिथे बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी बोलणार नाही."

आता मी. पहिल्या बैठकीचं वर्णन करताना मला आजही घाम फुटतो. खोलीत एक गोल टेबल, सहा खुर्च्या. मध्यस्थ म्हणून आमच्यापेक्षा वडील अशा एक वकीलबाई, समोर गरम पाण्याची बाटली घेऊन बसलेल्या. मी सवयीने उभी राहिले, कोट सारखा केला आणि त्यांच्याकडे बघून सुरुवात केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि माझ्याकडे कशाला बघताय? मला पटवून तुम्हाला काय मिळणार? मी काही निकाल देत नाही."

मी बसले, पण तोंड काही बसलं नाही. वीस मिनिटं नकाशा, तारखा, कलमं. शेवटी बोट रोखून म्हटलं, "थोडक्यात, ही खिडकीच बेकायदेशीर आहे." मला वाटलं, काय सुंदर टोला हाणला. मावशींनी शांतपणे पिशवी उचलली. "असेल बेकायदेशीर. मी बटणं लावीन," म्हणाल्या आणि निघून गेल्या. चाळीस मिनिटांत बैठक आटोपली.

जिन्यात सुतार माझ्या मागून उतरत होता. म्हणाला, "छान बोललात, ताई." पण आवाज असा, जसा एखादं दार मापात बसलं नाही की त्याचा होत असेल. तेवढ्यात पुन्हासांगा आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वकीलबाई, राग मानू नका. तुमचे अशील दर थोड्या वेळाने तोंड उघडतात आणि तुमच्याकडे बघून मिटतात. सात वेळा झालं आज."

"माझ्या अशिलाचं मी बघते," मी फणकारले.

"बघताच तुम्ही. पण त्यांना काहीतरी सांगायचंय."

मी तरातरा निघून गेले. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, "मी कुणाला बोलू देत नाही का रे?" तो काहीतरी बोलणार होता, पण मी आधीच दुसरा विषय काढला होता. ते माझ्या लक्षात आलं, आणि मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

दुसरी बैठक आठवड्याने. मावशींना परत आणायला पुन्हासांगांना काय करावं लागलं ते मला माहीत नाही. आल्या खऱ्या. चेहरा दगडासारखा. मध्यस्थबाई म्हणाल्या, आज वकिलांनी शेवटी बोलायचं. पुन्हासांगांनी खुर्ची ओढली आणि सुताराच्या डाव्या बाजूला जाऊन बसले, म्हणजे सुतार ह्यांच्या उजव्या हाताला. मला ते खटकलं. माझ्या अशिलाला काय चिकटून बसतात?

"शेड तिथेच का बांधलीत, मला समजून घ्यायचंय," ते म्हणाले.

"पलीकडच्या भिंतीला ओल आहे. लाकूड फुगतं."

"म्हणजे तुमचं म्हणणं असं की कोरडी जागा तेवढीच होती. बरोबर?"

सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सोयीचं उत्तर होतं. पण सुतार "बरोबर" म्हणाला नाही. टेबलावरची रेघ नखाने उकरत राहिला. मग म्हणाला, "तसं नाही. आणखी दोन जागा होत्या. तो ओटा पाहिलात ना, तिथे आई..."

"ह्याचा दाव्याशी संबंध नाही," मी म्हणाले. तोंडातून गेलंच.

"ताई," सुतार म्हणाला, "दोन मिनिटं गप्प बसा."

माझ्याच अशिलाने. भर बैठकीत. मध्यस्थबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि माझ्याकडे न बघण्याचं सौजन्य दाखवलं. मी गप्प बसले. वकिलीत केलेलं माझं हे सगळ्यात चांगलं काम, आणि तेही दुसऱ्याने सांगितल्यावर.

सुतार बोलू लागला. आई रोज दुपारी ओट्यावर बसायची. मावशी खिडकीत. भाजी निवडता निवडता आणि धागे ओढता ओढता दोघींचं चालायचं. आई आजारी पडली तेव्हाही खाट अंगणात टाकायला लावली, खिडकी दिसावी म्हणून. "मग ती गेली. सगळे आले. गिऱ्हाइकं आली, माझ्याशी भांडलेला लाकूडवाला आला. मावशी आली नाही." नऊ वर्षं तो तिला 'ती बाई' म्हणायचा. मावशी हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"पुन्हा सांगा," पुन्हासांगा हळूच म्हणाले.

"मावशी आली नाही."

"म्हणजे तुमचं म्हणणं असं की आईंचं जिच्याशी सगळ्यात जास्त बोलणं होतं, तीच दारात आली नाही. रोज ती खिडकी डोळ्यांसमोर. ती बघवेना, म्हणून तुम्ही भिंत घातलीत. लाकडाचं निमित्त झालं."

"बरोबर," सुतार म्हणाला आणि त्याने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे माझे कागद हलले.

पुन्हासांगांनी आपल्या अशिलाकडे पाहिलंही नाही. पेन्सिलीचं टोक बघत बसले. मला कितीतरी बोलायचं होतं, पण मी ओठ दाताखाली धरून ठेवले. शेवटी मावशी बोलल्या.

"मी तेव्हा बहिणीकडे होते. डोळ्याचं ऑपरेशन होतं. तीन आठवड्यांनी आले तेव्हा कळलं. वाटलं, आता कुठल्या तोंडाने जाऊ, उशीर झाला. उद्या जाईन म्हटलं. मग आणखी उशीर झाला. मग तू मला बघून मान फिरवलीस, आणि मग तर पायच उचलेना." पुढे म्हणाल्या, "ती गेल्यावर मी त्या खिडकीत बसून बोलायचे रे. एकटीच. तू भिंत घातलीस तेव्हा तेही गेलं."

सुतार रडला. मावशी रडल्या नाहीत, त्यांनी त्याच्या शर्टाच्या कॉलरची उसवलेली शिवण बघितली आणि "हे काय, असा फिरतोस?" म्हणाल्या. माझे डोळे भरले होते. मी नकाशात तोंड खुपसलं.

कुणाला वाटेल, झालं, गळ्यात गळे घालून सगळे घरी. तसं नसतं. रडून लाकूड कोरडं राहत नाही. इथे पुन्हासांगांची बॅग उघडली. आत टेपच्या मापांनिशी अंगणाचा आराखडा होता, तीन वेगवेगळ्या पर्यायांचा. ओल असलेल्या भिंतीपासून हातभर पुढे आणि जमिनीपासून उचलून मांडणी केली तर लाकूड कुठे राहील, शेडचं छप्पर खिडकीच्या खाली किती आलं तर उजेड पुरेल, मावशींच्या खोलीत अकरा वाजता आणि तीन वाजता ऊन कुठवर येत असे, सगळं. समझोत्याच्या अटींचा कच्चा मसुदाही पेन्सिलीने लिहिलेला. तीन आठवडे मी वीस वर्षं मोजत होते, आणि हा माणूस फळ्या मोजत होता.

तरी दोन तास घासाघीस झाली. मावशींना भिंत आठ दिवसांत पडायला हवी होती. सुतार म्हणाला, हातात मोठी ऑर्डर आहे, तीन महिने तरी. मावशी पुन्हा पिशवीकडे हात नेऊ लागल्या. तेव्हा पुन्हासांगांनी मला विचारलं, "वकीलबाई, तुम्हाला काय दिसतं?" मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी म्हणाले, शेड तूर्त राहू दे, पण खिडकीसमोरच्या तेवढ्या दोन फळ्या आणि विटा आधी काढा, बाकी तीन महिन्यांत. दोघंही एकमेकांकडे बघून हो म्हणाले. मग मसुदा वाचताना मला आणखी एक भोक दिसलं. उद्या कुणी जागा विकली तर नवा मालक हे पाळणार का? मी कलम सांगितलं. पुन्हासांगा लिहून घेत म्हणाले, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं." खोटं नव्हतं ते. मला शाबासकी मिळालेल्या पोरीसारखं झालं, आणि मी ते लपवायचा बराच प्रयत्न केला.

सह्या करताना सुतार म्हणाला, खिडकीची चौकट कुजलीय, नवी मी करून देतो. पुन्हासांगा ते लिहायला लागले. सुताराने हात धरला. "हे लिहू नका. हे मी असंच देणार."

महिन्याभराने माझ्या कोटाची बाही कपाटाच्या कडीत अडकून चांगली बोटभर फाटली. मी मावशींकडे घेऊन गेले. भिंतीला त्या दोन हातांचं भोक पडलं होतं, नवी चौकट बसली होती, आणि खोलीत असा उजेड होता की माझ्या बाहीवरचे चहाचे डागही दिसले. मावशी खिडकीत बसल्या होत्या. बोलता बोलता मी म्हणाले, "तुमच्या वकिलांची ती पुन्हा सांगा म्हणायची युक्ती मात्र भारी हं."

"युक्ती कसली?" मावशी म्हणाल्या. "त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणापासून. उजव्यानेही यथातथाच. म्हणून विचारतात बिचारे. म्हणतात, मला ऐकू आलं असं समजून चालायची सोय नाही, विचारून घ्यावं लागतं. तुम्हाला माहीत नव्हतं? इतकी वर्षं एका कोर्टात आहात!"

डाव्या टोकाची जागा. उजव्या हाताला चालणारी बायको. सुताराच्या शेजारी ओढलेली खुर्ची. सगळं समोर होतं आणि मी कलती मान करून चहाच्या टेबलावर लोकांना हसवत होते. एका कमी ऐकू येणाऱ्या माणसाला मी ते नाव दिलं होतं. अशी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

उद्या जाऊन माफी मागायची असं ठरवलं. उद्या तारीख निघाली. परवा ते रजेवर होते. मग वाटलं, बावीस वर्षांनी काय बोलायचं? मग ते समोरून आले की मी दुसऱ्या जिन्याने जाऊ लागले. तीन आठवडे गेले, आणि एका सकाळी रफू झालेला कोट आणून अंगात घालताना मला मावशींचं बोलणं आठवलं. आणखी उशीर झाला. तसाच कोट घालून मी त्यांच्या घरी गेले.

बायकोने दार उघडलं. पुढच्या खोलीत त्याच दोन खुर्च्या. मी घाईघाईने जवळच्या खुर्चीत बसले आणि मान खाली घालून जे काही होतं ते एका दमात बोलून टाकलं.

त्यांनी मान कलती केली. "पुन्हा सांगा."

मी डावीकडे बसले होते. उठले, खुर्ची उचलून त्यांच्या उजव्या बाजूला ठेवली आणि पुन्हा सांगितलं. नक्कल, नाव, हसणारी मंडळी, सगळं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण असतं. पहिल्यांदा आपण नुसतं बोलतो, दुसऱ्यांदा ते आपल्यालाच ऐकू येतं.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं," ते म्हणाले, "की माझ्या कानाचं तुम्हाला माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तर तुम्ही तसं केलं नसतं. आणि हे कळल्यापासून तुम्ही माझ्यासाठी जिने बदलताय. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले, आणि सुताराने तेव्हा तेवढा मोठा श्वास का सोडला ते मला समजलं.

"नाव मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "आवडलं. त्या नावामुळे लोक आपणहून दोनदा सांगतात. माझं निम्मं काम तुम्ही केलंत." मागून त्यांच्या बायको म्हणाल्या, "निम्मं काम मी करते, असं घरी मीही म्हणते, पण ते त्यांना ऐकू येत नाही." मी हसता हसता रडले, की रडता रडता हसले, आता आठवत नाही.

मग मी विषय बदलायला बाही पुढे केली. मावशींनी रफू केलंय, बघा. ते मला खिडकीपाशी घेऊन गेले, चष्मा कपाळावर ढकलला आणि बाही उजेडात वळवून वळवून बघू लागले. "कुठे फाटली होती?"

मी बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं. जरा वर ठेवलं. तिथेही नाही. आम्ही दोघं वकील बराच वेळ तिथे उभं राहून ती जागा शोधत होतो, आणि ती काही सापडली नाही.